ग्रंथश्रवण व नभोवाणी : तीर्थपुरी परिसराच्या निमित्ताने

ग्रंथ वाचकापर्यंत कसा पोचला, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासात क्वचितच विचारला जातो. मुद्रणाचे वर्ष, आवृत्ती व प्रकाशक यांची नोंद झाली म्हणजे कार्य संपले, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या गावी पुस्तकांचे दुकान नाही, तेथील मनुष्यास ग्रंथाचे व ग्रंथकाराचे नाव बहुधा प्रथम कानानेच कळते. या कर्णोपकर्णी परिचयाचा इतिहास लिहिला जाणे अवश्य आहे.

तीर्थपुरी हे गाव जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. याच तालुक्यातील जांब येथे शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांचा दासबोध हा गुरुशिष्यसंवाद असून, त्यातील नवविधा भक्तीच्या दशकात पहिले स्थान श्रवणास आहे. एकाने पोथी सांगावी, इतरांनी ऐकावी व शंका विचाराव्या, हा महाराष्ट्रातील जुना परिपाठ होय. नभोवाणीने त्यास नवे साधन दिले.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्यामुळे उच्च शिक्षणात मराठीस ते स्थान नव्हते. अशा स्थितीत मराठी ग्रंथाची वार्ता शाळेबाहेरूनच यावयाची. संस्थानातील हैदराबाद व औरंगाबाद येथील नभोवाणी केंद्रे १९५० साली भारत सरकारच्या नभोवाणी खात्याकडे आली. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी, तर मराठवाड्यातील परभणी केंद्र १९६८ साली सुरू झाले.

ऐकण्यातून ग्रंथ कसा उभा राहतो, याचे ठळक उदाहरण पुणे केंद्राचे आहे. १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकरांचे गीतरामायण तेथून आठवड्यास एक गीत याप्रमाणे प्रक्षेपित झाले. गीते छप्पन्न झाली व १९५७ साली त्यांचे पुस्तक सरकारी प्रकाशन म्हणून निघाले. येथे आधी श्रोता झाला, मग वाचक. ‘बनगरवाडी’कार व्यंकटेश माडगूळकर हेही याच केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ होते.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावी श्रोतृमंडळे चालविली. वीस कार्यक्रम झाले. मंडळींनी एकत्र ऐकावे, चर्चा करावी, शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्या व केंद्राने उत्तरे द्यावी, अशी योजना होती. विषय शेतीचे व ग्रामजीवनाचे होते. तथापि खेड्यातील श्रोता केवळ ऐकून स्वस्थ बसत नाही, हे तीवरून सिद्ध झाले. मात्र तीर्थपुरीचा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने हे अनुमान तेथे जसेच्या तसे लावणे सयुक्तिक होणार नाही. तेथील पुरावा तेथेच शोधला पाहिजे.

तो कोठे मिळेल? वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्यांत, श्रोत्यांच्या पत्रांत, जुन्या कार्यक्रमपत्रिकांत आणि वृद्धांच्या स्मरणात. एखाद्या ग्रंथकाराचे संभाषण प्रक्षेपित झाल्यावर त्याच्या पुस्तकाची मागणी वहीत वाढलेली आढळली, तर ती नोंद दहा अभिप्रायांहून मोलाची ठरेल. बोललेला शब्द हवेत विरतो आणि वह्या रद्दीत जातात. सनदा व बखरी यांइतक्याच आस्थेने ही साधने स्थानिक अभ्यासकांनी वेळीच जमवावी, एवढीच आमची विनंती आहे.