पंडिता रमाबाई : संस्कृत विद्या आणि ख्रिस्ती श्रद्धा

(२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२). संस्कृत पंडिता, समाजसुधारक आणि मराठी बायबलच्या भाषांतरकार. जन्म कर्नाटकातील गंगामूळच्या रानात. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवल्याबद्दल वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे त्याच लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवले. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत पायी फिरे. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या.

पुढे त्यांचा विवाह झाला, पण १८८२ मध्ये वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतरावर पुष्कळ लिहिले गेले. त्यानंतरच्या पत्रव्यवहाराकडे मात्र कमी पाहिले जाते. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन आणि इंग्रज शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांना लिहिलेल्या पत्रांत रमाबाई त्रैक्यावर शंका काढतात, चर्चच्या अधिकारावर वाद घालतात आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही मानायला साफ नकार देतात. मूळ ग्रंथ स्वतः वाचायचा आणि पटेल तेवढेच स्वीकारायचे, हे वळण त्यांना शास्त्रार्थाने लावले होते. बाप्तिस्म्याने ते सुटले नाही.

प्रबोधनकालीन युरोपात ग्रीक-लॅटिनमध्ये पारंगत झालेल्या प्रोटेस्टंट विदुषी ऑलिम्पिया मोराता आणि अ‍ॅन कुक बेकन यांच्या पंक्तीत रमाबाईंना बसवायला हवे. त्या दोघींच्या विद्येला दरबारी वर्तुळाचा आश्रय होता. रमाबाईंना तो कधीच नव्हता.

मायदेशी परतल्यावर १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी दौंड तालुक्यातील केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. तिथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मूळ संहितेवरून अख्ख्या बायबलचे भाषांतर एकटीने हाती घेतले. प्रचलित मराठी बायबल त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. संस्कृतच्या पंडितेने आपल्या लेखणीतले संस्कृत जाणूनबुजून कमी करावे, यातच त्यांचे मोठेपण दिसते. केडगावच्या छापखान्यात मुली खिळे जुळवत, छपाई करत, बांधणीही करत. भाषांतर मृत्यूपूर्वी हातावेगळे झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली याच छापखान्यातून बाहेर पडला.