एनएफएसचा सातबारा

मंडळी, आमच्या कोल्हापुरात सातबारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वारसाची नोंद झाली की हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुनं नाव खोडत नसत. त्याला कंस करून नवं नाव फेरफार क्रमांकासह लिहीत. एनएफएसचे कागद वाचताना मला नेहमी हेच आठवतं.

एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फायली आपल्याच असल्यासारख्या उघडायची पद्धत. ती सन कंपनीची. दुसऱ्या आवृत्तीचे नियम १९८९ मध्ये 'आरएफसी १०९४' या क्रमांकानं जाहीर झाले. १९९८ मध्ये सननं पुढची सूत्रं आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेकडे दिली. डिसेंबर २००० मध्ये चौथी आवृत्ती आली, आरएफसी ३०१०. लोक प्रत्यक्ष सॉफ्टवेअर लिहायला बसले तेव्हा त्यातल्या अडचणी कळल्या. मग एप्रिल २००३ मध्ये ३५३० आणि मार्च २०१५ मध्ये ७५३०. आवृत्ती तीच, चौथी!

गंमत अशी, की आरएफसी एकदा निघाला की त्यातला काना-मात्राही बदलत नाही. सापडलेल्या चुकांची यादी वेगळी. मोठी दुरुस्ती असेल तर नवा क्रमांक, आणि जुन्याच्या नोंदीत 'याची जागा अमक्यानं घेतली' एवढा शेरा. त्यामुळे काय, कधी बदललं ते पुढच्या माणसाला सापडतं. पण शेरा न बघता कुणी ३०१० धरूनच सर्व्हर लिहिला, तर फाईल कुणी लॉक केली यावर दोन मशीनचं जमणार नाही, आणि भोगेल तो फाईलवाला.

म्हणून मी सर्व्हरच्या वहीत नुसतं 'एनएफएस ४' लिहीत नाही, आरएफसीचा क्रमांकही लिहितो. तुमच्या वहीत काय आहे?