बंब (पाणी तापवण्याचे साधन)

बंब हे लाकूड, पऱ्हाटी, गोवऱ्या किंवा कोळसा जाळून आंघोळीचे पाणी तापवण्याचे तांब्याचे किंवा पितळेचे घरगुती साधन आहे. विजेवर, गॅसवर आणि उन्हावर चालणारी साधने येण्यापूर्वी महाराष्ट्रातील मोठ्या कुटुंबांत त्याचा सर्रास वापर होत असे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील खेड्यांत तो अजूनही दिसतो. आग विझवणाऱ्या गाडीलाही मराठीत बंब म्हणतात. त्या अर्थाचा या लेखाशी संबंध नाही.

वऱ्हाडातील गरज

थंड देशांत लाकडाच्या शेगड्या पेटवून संपूर्ण घर उबदार ठेवावे लागते. वऱ्हाडात तशी वेळ येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारणतः १० ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. उलट मे महिन्यात दुपारी ते ४२ अंशांच्या वर जाते. जुन्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंती दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवतात. अधिक थंडी पडते ती सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या परिसरात, आणि तेथेही सामान्य घरांचा आधार चूल व शेकोटी हाच. त्यामुळे मोठ्या घरात जळणाचा मोठा खर्च होई तो स्वयंपाकावर आणि आंघोळीच्या पाण्यावर.

रचना

बंब म्हणजे उभे दंडगोलाकार भांडे. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक नळी असते. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा आणि संपूर्ण भांड्याला पाय असतात. जळण वरून नळीत टाकतात. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी असते, म्हणजे विस्तव पाण्याच्या खाली नसून पाण्याच्या पोटात असतो. गरम हवा नळीतून वर चढते आणि तिच्या ओढीने खालून ताजी हवा जाळीत शिरते, म्हणून एकदा पेटलेला बंब सहसा फुंकावा लागत नाही. पाणी तोटीने काढतात. काही बंबांत वरच्या नसराळ्यात थंड पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच तापलेले पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडते; असा बंब कधी रिकामा होत नाही आणि कोरडा तापून त्याचे सांधे सुटण्याची भीती राहत नाही.

जळणाचा हिशेब

आठ माणसांच्या घरात प्रत्येकी २० लिटर धरल्यास १६० लिटर पाणी लागते. ते २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत नेण्यास ४,००० किलोकॅलरी उष्णता पुरते. एक किलो वाळलेल्या लाकडातून साधारण तेवढीच उष्णता निघते, परंतु ती सगळी पाण्यात उतरत नाही. एक तृतीयांश उतरली तरी तीन-चार किलो लाकूड लागेल. उघड्या तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला, तर जेमतेम दहावा हिस्सा पाण्याला मिळतो आणि दहा किलोंच्या आसपास लाकूड जळते. फरक पडतो तो ज्वाळेला सर्व बाजूंनी पाण्याने वेढल्यामुळे.

जळण ओले असेल तर हा हिशेब कोलमडतो. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचेच असू शकते, आणि त्यातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे ५४० किलोकॅलरी खर्च होतात. नळीतील काजळी व आतील क्षारांचा थरही उष्णता अडवतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असल्याने तेथे बंब आतून धुणे अधिक महत्त्वाचे. बाहेरून मात्र तो चिंचेने घासून लखलखीत ठेवण्याचीच घराघरांत चढाओढ असे.

पऱ्हाटी आणि बोंडअळी

वऱ्हाडात बंबाचे मुख्य जळण म्हणजे पऱ्हाटी, अर्थात कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडे. तिच्या जोडीला तुराट्या व गोवऱ्या असतात. जळणाला येथे 'जळतन' म्हणतात. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होत असल्याने बोलताना ते 'जयतन' होते. पऱ्हाटी बारीक, पोकळ रचून झटकन पेटणारी आणि शेतकऱ्याला फुकट मिळणारी. तिच्यामुळे कापूस पिकवणाऱ्या गावांचा जंगलावरील भार काही अंशी हलका झाला. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते, हे लक्षात घेता ही गोष्ट लहान नाही.

परंतु घरामागे वर्षभर रचलेल्या याच गंजीत गुलाबी बोंडअळी तग धरते. न उमललेल्या व किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढील हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. २०१७च्या खरिपात विदर्भातील कपाशीचे या किडीने अतोनात नुकसान केले. फरदड घेऊ नये, पऱ्हाटी वेळीच उपटावी व तिची गंजी शेताजवळ किंवा बांधावर ठेवू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. घरात दुसरे जळण नसलेल्या कुटुंबाला तो पाळणे अवघड जाते; शेतमजूर बायांनी डोक्यावरून वाहून आणलेली पऱ्हाटी फेकून द्या, असे नुसते सांगून भागत नाही. पऱ्हाटीचा भुगा करून कांड्या बनवणे हा एक मार्ग आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून फळ्या बनवण्याचे तंत्रही विकसित केले आहे. गंजी ठेवणे भागच असेल, तर बोंडे झाडून, वेचून नष्ट करावीत आणि पावसाळ्यापूर्वी ती संपवावी.

धूर आणि धोका

बंबाला धुराडे नसल्याने धूर तेथल्या तेथेच पसरतो. त्याहून घातक असतो तो न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू. ज्वाळा बसून नुसते निखारे उरले की धूर कमी झालेला वाटतो, मात्र हा वायू निघतच असतो. म्हणून पेटता बंब बंद न्हाणीघरात ठेवून आंघोळ करणे जिवावर बेतू शकते. जुन्या वाड्यांत तो अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवीत आणि पाणी बादलीने, घंगाळ्यात नेत. शहरांतील सदनिकांत अशी मोकळी जागा उरली नाही.

सध्याची स्थिती

तांब्याची किंमत वाढल्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे व स्टेनलेस स्टीलचे बंब आले. ते स्वस्त आहेत. पत्र्याचे मात्र लवकर गंजतात. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचला, तरी आंघोळीच्या पाण्यासाठी सिलिंडर जाळणे परवडत नाही म्हणून स्वयंपाक गॅसवर आणि पाणी बंबावर किंवा चुलीवर, अशी विभागणी बऱ्याच घरांत टिकून आहे. जुने तांब्याचे बंब आता मोडीत जातात किंवा हॉटेलांच्या दर्शनी भागात शोभेसाठी मांडलेले आढळतात.