खाडीकाठची मुलं आणि आखीव शहर

मूल कसं घडतं याचा विचार करताना आपली नजर घराकडे आणि शाळेकडे जाते. आईवडिलांचं शिक्षण, घरातली मिळकत, ताटात पडणारं अन्न, भेटलेले शिक्षक यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण नवी मुंबईचा गेल्या पाच दशकांचा इतिहास पाहिला की तिसऱ्या एका गोष्टीचा विचार टाळता येत नाही, ती म्हणजे जमीन. मुलाला मोकळेपणाने जाता येईल अशी जागा, आणि त्या जागेवर मोठ्या माणसांचं चालू असलेलं, त्याला रोज दिसणारं काम. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन इथे एकाच पिढीच्या हयातीत शासनाने ताब्यात घेऊन नव्याने वाटली. जमीन हातची गेली की बालपणाचं काय होतं, हे इतक्या थोड्या काळात आणि इतक्या उघडपणे महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी दिसलं असेल.

1970 पूर्वीचा हा मुलूख आगरी, कोळी आणि कराडी समाजांचा. पावसाळ्यात खारबंदिस्तीच्या आतली भातशेती, उन्हाळ्यात मिठागरं आणि बारमाही खाडी. इथल्या मुलाचं पहिलं वेळापत्रक भरती-ओहोटीचं होतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरणार. पंचांग, गणित आणि खाडी या एका हिशोबात एकत्र येतात, आणि तो चुकला तर ओहोटीला चिखलात निवट्या धरायला गेलेल्या पोराच्या पायाशी पाणी येतं. चिंबोरीचं बीळ कोणतं, पागाचं जाळं कसं फेकायचं, बांधातल्या उघाडीची झडप केव्हा लावायची, बांधाला खांड गेली तर आधी काय टाकायचं, हे कोणी बसवून शिकवत नव्हतं. मोठ्यांच्या मागे मागे राहिलं की ते येत होतं. लग्नात धवला गाणाऱ्या धवलारिणीही आधीच्या पिढीच्या बायकांचं ऐकतच तयार होत. इथे मुद्दा पारंपरिक ज्ञान थोर असल्याचा नाही, त्याहून साधा आहे: दहा वर्षांच्या मुलाला आपण उद्या कोण होऊ शकतो हे डोळ्यांनी दिसत होतं, आणि ते पाहायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

यावर पहिला आक्षेप येतो तो दारिद्र्याचा, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. या भागाचा मोठा हिस्सा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यातल्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमीन न कसण्याचा संप केला. ज्या शेतकऱ्यांना इतक्या टोकाला जावं लागलं, त्यांच्या मुलांचं बालपण सुखाचं होतं असं कोण म्हणेल? मिठागरात खारं पाणी आणि ऊन पाय फोडून काढतं. पोरांना कामाला जुंपलं जाई, मुलींची शाळा तर सर्वांत आधी सुटे. नव्या शहराने शाळा, दवाखाने आणि पक्के रस्ते आणले, आणि ज्या घरात कोणी अक्षर गिरवलं नव्हतं तिथून पदवीधर निघाले. हे मोठं काम आहे. पण या आक्षेपातून एवढंच सिद्ध होतं की जुनी जमीन मुलांना जे देत होती त्याबरोबर बरंच हिरावतही होती. नव्या वाटणीत हिरावणारं काढून देणारं राखता आलं असतं का, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

नवं शहर आखणारे बेफिकीर नव्हते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मुंबईच्या खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, 17 मार्च 1970 रोजी ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, आणि सुमारे 344 चौरस किलोमीटरच्या आराखड्यात नोड, सेक्टर, शाळा, मैदानं यांचा विचार झाला. मुलांसाठी जागा ठेवायची असते हे त्यांना ठाऊक होतं. मात्र हा विचार सेक्टरमध्ये येऊ घातलेल्या मुलांचा होता. जी मुलं आधीपासून तिथे होती त्यांचं गावठाण नकाशावर चहूबाजूंनी सेक्टरांनी वेढलेलं बेट होऊन राहिलं. शिवार गेलं तेव्हा त्याबरोबर गावच्या मुलांचं मैदानही गेलं, कारण ते वेगळं कधी आखलेलंच नव्हतं. भात कापल्यावरचं शेत, खळं, बांध, खाडीचा काठ हेच त्यांचं मैदान. पुढे कुटुंबं वाढली, पोरांची लग्नं झाली, आणि गावठाणाच्या हद्दीत व हद्दीबाहेर ज्यांना आज ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात ती उभी राहिली. दोन घरांमधली बोळ उरली. तीच खेळायची जागा.

दुसरा आक्षेप असा की शेवटी मुलाला घर घडवतं. कुटुंब भक्कम असेल तर मूल कुठेही उभं राहतं. हे खरं आहे, पण कुटुंब हवेत उभं नसतं. मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. मिठागरात मजुरीने राबणारा, खाडीत पाग टाकणारा, दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाणारी बाई यांच्या नावावर जमीनच नव्हती. ज्यांना पैसा मिळाला त्यांच्याकडेही तो आला आणि काम गेलं. ज्या बापाला सगळं गाव ‘बांधाचा जाणकार’ म्हणून ओळखत होतं, त्याच्या मुलासमोर आता त्या जाणतेपणाला काही अर्थ उरला नाही. मुलाच्या मनातलं बापाचं मोठेपण कशावर उभं असतं, हे मानसशास्त्राच्या पुस्तकाइतकंच भूसंपादनाच्या कागदांतूनही वाचता येतं. म्हणूनच दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा प्रकल्पग्रस्तांचा लढा निव्वळ जमिनीच्या भावाचा नव्हता. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले, आणि पुढे 1990 च्या दशकात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जमिनीतला वाटा म्हणजे पुढच्या पिढीचा वाटा, हे त्या आंदोलनाने नियोजनकारांच्या आधी ओळखलं होतं. तरीही परत मिळाला तो भूखंड, विकता येणारा. पोरांनी एकत्र जमायची जागा त्यातून परत आली नाही, आणि भूखंड विकल्यावर घरात पुन्हा पैसाच आला.

सेक्टरमधल्या मुलांचं काय, हेही पाहिलं पाहिजे, कारण हा प्रश्न गावठाणापुरता नाही. बेलापूरला 1980 च्या दशकात कोरियांनी उभारलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सात घरांमध्ये मिळून सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचं एक अंगण आहे. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण, आणि पुढे त्याहून मोठी जागा. चार वर्षांचं मूल दारातल्या अंगणात, आठ वर्षांचं पलीकडच्या मोठ्या अंगणात, आणि त्याहून मोठं मूल वस्तीच्या मोकळ्या मैदानात जाऊ शकेल, शिवाय प्रत्येक टप्प्यावर कोणा ना कोणा मोठ्याची नजर राहील, अशी ही रचना. वयाबरोबर जागा वाढत जावी ही समज त्यात आहे, आणि गावातल्या ओटीपासून खाडीपर्यंतच्या वाटचालीशी तिचं नातं जुळतं. शहराने हा नमुना पुढे नेला नाही. उंच इमारतींच्या आवारात मुलांच्या वाट्याला उरलं ते वाहनतळाच्या कडेचं खेळण्यांचं कोंडाळं. सार्वजनिक मैदानासाठी तर कोर्टाची पायरी चढावी लागली. घणसोलीला शासकीय क्रीडा संकुलासाठी 2003 मध्ये राखलेली 20 एकर जागा सोडून ते संकुल शंभर किलोमीटरहून दूर, माणगाव तालुक्यातल्या नाणोऱ्याला नेण्याचा निर्णय 2021 मध्ये झाला. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. घणसोलीच्या मुलाने रोज संध्याकाळी माणगावला खेळायला जावं, असा त्या निर्णयाचा व्यवहारी अर्थ होत होता.

जागेने सगळं होतं असा माझा दावा नाही. चांगला शिक्षक आणि पोटभर जेवण यांना पर्याय नाही, आणि बोळीत वाढलेली कितीतरी मुलं आज मोठ्या पदांवर आहेत. पण जमीन मोजताना मुलांच्या जागेकडे जे दुर्लक्ष झालं ते पुन्हा होऊ नये, यासाठी आज संधी आहे. नवी मुंबई विमानतळाभोवती नियोजनासाठी अधिसूचित केलेल्या ‘नैना’ क्षेत्रात 2013 च्या अधिसूचनेत 270 गावं आली, आणि आता नगररचना योजनांतून जमीनमालकाला सुमारे 40 टक्के अंतिम भूखंड परत मिळतो. उरलेल्या जमिनीवर रस्ते, उद्यानं, शाळा आखल्या जात आहेत. त्या नकाशांत प्रत्येक गावठाणाला लागून, गावच्या नावावर, विकता न येणारं मैदान आहे का? ओढा आणि खाडीच्या काठापर्यंत मुलांना पायी जाता येईल अशी वाट राखली आहे का? सवलतीच्या दराने भूखंड घेतलेल्या शाळांची मैदानं शाळा सुटल्यावर शेजारच्या गावातल्या मुलांना उघडी राहतील, ही अट करारात आहे का? हरकती-सूचनांची मुदत चालू असताना ग्रामसभांनी हे तीन प्रश्न लेखी विचारले पाहिजेत, कारण एकदा भूखंडांचे ताबे दिले गेले की मैदान मागायला कोर्टातच जावं लागतं.