अंडी उबवण, खानदेशातील घरगुती
देशी कोंबडी अंडी घालणे थांबवून खुराड्यात ठाण मांडून बसते, तेव्हा तिला खुडूक कोंबडी म्हणतात. प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन यास मुख्यत्वे कारणीभूत असते. खानदेशात (१९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशी विभागणी, पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे जिल्हे) घरगुती कळपाची वाढ परंपरेने या प्रवृत्तीवरच अवलंबून होती.

प्रथमच खुडूक झालेली कोंबडी मधेच उठून जाण्याचा संभव असतो. म्हणून तिला काळोख्या, शांत जागी आधी टाकाऊ अंड्यांवर बसवितात; दोनतीन दिवस ती टिकल्यास रात्री तिच्याखाली १०–१२ ताजी फलित अंडी ठेवतात. दाणापाण्यासाठी तिला रोज एकदा उतरू देतात. सातव्या दिवशी अंडी उजेडासमोर धरून अफलित अंडी वेगळी काढतात. सु. २१ दिवसांनी पिले बाहेर पडतात. अखेरचे तीन दिवस तिला हलवीत नाहीत.

व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून खुडूकपणा निवड पद्धतीने बहुतांशी घालविण्यात आला व उबवण यंत्राकडे गेली. अशा व्यापारी कुक्कुटपालनाचे केंद्र असलेल्या नवापूर (१९९८ पर्यंत धुळे, नंतर नंदुरबार जिल्हा) येथे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्ल्यूची पहिली साथ आढळली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील हातेड, मारूळ, साळवे व सावदा येथील घरगुती कोंबड्यांतही ती आढळली. बाधित क्षेत्रांतील कोंबड्या व अंडी नष्ट करण्यात आली. व्यापारी केंद्रांना पिले उबवणी केंद्रांतून पुन्हा आणता येतात. घरगुती कळपात मात्र पुढची पिढी उबविणारी कोंबडीच नाहीशी झाल्याने कळपाची परंपरा खंडित होते.