दंडाची वही आणि फाटकावरचा फलक

मागच्या व्याख्यानात आपण मुंबईच्या कापडगिरण्यांमधली भरती पाहिली. आता पुढचा प्रश्न. कामाला लागलेल्या माणसाच्या हातून चूक झाली तर मालक काय करी? आणि त्याच्यावरच अन्याय झाला, तर त्यानं जायचं कुणाकडे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्हींचं उत्तर बहुधा एकच होतं: जॉबर. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, दस्तुरी खाणाराही तोच. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात उभं राहायचं! मालकाला ही व्यवस्था सोयीची होती, हे विसरून चालणार नाही.

शिक्षा व्हायची ती पगारातून. कापड खराब निघालं, की ते विणकऱ्याच्या गळ्यात मारायचं आणि किंमत त्याच्या पगारातून कापायची. आता दोष सुताचा, साच्याचा की हाताचा, हे ठरवणार कोण? मास्तर. विणकऱ्याला विचारायची पद्धतच नव्हती.

१९२८ चा मोठा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला. भांडण मुख्यतः पगाराचं आणि वाढवलेल्या कामाचं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्यात एक कागदही होता, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. गिरणीमालक संघानं कामाच्या नियमांची एक यादी केली होती, स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे स्थायी आदेश. गंमत अशी, की हे लेखी नियम मालकांनी पुढे केले होते, शिस्तीसाठी. संपानंतर ते फॉसेट समितीपुढे गेले, आणि कलमाकलमावर वाद झाला. एकदा नियम कागदावर आला, की तो मालकालाही बांधतो, हे दोन्ही बाजूंना हळूहळू कळत गेलं असावं.

१९३६ च्या वेतन कायद्यानं दंडालाच वेसण घातली. कोणत्या चुकीला दंड, हे आधी जाहीर करायचं. कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय दंड करायचा नाही. एकूण दंड पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको. प्रत्येक दंड वहीत नोंदवायचा, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्चायचा. थोडक्यात, दंड करून मालकाची कमाई होणार नाही!

मग १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा. शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे नियम सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायचे, आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही, ते ज्या फाटकातून आत येतात तिथे फलकावर लावायचे.

या कायद्याची अनुसूची मुद्दाम वाचा. गैरवर्तन आणि बडतर्फीची बाब बहुतेक मालकांना पाठ असते. तिच्या लगेच खाली दुसरी आहे: मालक, त्याचे हस्तक किंवा नोकर यांच्याकडून होणारी अन्यायाची वागणूक आणि गैरवाजवी वसुली, यांविरुद्ध दाद मागण्याची सोय. हस्तक आणि वसुली! जॉबर आणि त्याची दस्तुरी अशी कायद्याच्या कागदावर येऊन बसली. ही दाद प्रत्यक्षात किती मिळाली, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.