गुडघ्याचा सांधा

मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि गुडघ्याची वाटी या तीन हाडांनी तो बनतो. नडगीशेजारचे बारीक हाड त्यात भाग घेत नाही. गुडघ्याची गणना बिजागरीच्या सांध्यांत होते. मात्र त्याची हालचाल बिजागरीपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची आहे.

मांडीच्या हाडाचे खालचे टोक दोन गोलसर उंचवट्यांचे असते आणि ते नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकते. या उंचवट्यांच्या पृष्ठभागाची लांबी खालच्या माथ्याच्या सुमारे दुप्पट भरते. गुडघा वाकताना ते नुसते घरंगळले असते, तर मांडीचे हाड मागच्या बाजूने नडगीवरून खाली उतरले असते. प्रत्यक्षात ते घरंगळता घरंगळता घसरतेही, आणि म्हणून जागेवर राहते. व्हिल्हेल्म व एडुआर्ड या वेबर बंधूंनी 1836 साली जर्मनीत प्रसिद्ध केलेल्या चालण्याविषयीच्या ग्रंथात या दुहेरी गतीचे वर्णन आहे.

तिसरी गती पिळाची. खुर्चीवर बसून वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवावे आणि पाय सावकाश सरळ करावा. अखेरच्या टप्प्यात तो उंचवटा किंचित बाहेरच्या अंगाला सरकतो. या पिळाने सांधा घट्ट बसतो, म्हणूनच ताठ उभे राहताना मांडीच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही. पुन्हा वाकताना गुडघ्यामागचा एक आखूड स्नायू हा पीळ सोडवतो.

हाडांची ठेवण इतकी उथळ असल्याने स्थैर्याची भिस्त अस्थिबंधांवर, म्हणजे बोलीतल्या लिगामेंटवर असते. दोन बंध बाजूंना असतात. दोन सांध्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदतात. आतल्यांपैकी पुढचा बंध नडगीला पुढे, तर मागचा तिला मागे सरकू देत नाही. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये पाऊल जमिनीवर रोवलेले असताना शरीर झटक्यात वळले, की बहुधा पुढचा बंध तुटतो.

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तिला रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि हालचालीने पडणाऱ्या व सुटणाऱ्या दाबामुळे तो द्रव तिच्यात खेळता राहतो. ‘वंगण संपले’ असे रुग्ण सर्रास म्हणतात; पण निरोगी गुडघ्यातही हा द्रव जेमतेम काही मिलिलिटर असतो. संधिवाताच्या झिजेत मुख्य हानी कूर्चेची होते, द्रव तर पुष्कळदा वाढतो आणि गुडघा सुजतो. दोन हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या भार पसरवतात. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट दाब येत असल्याने त्यांचे मोल मोठे आहे. त्यांच्या केवळ बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. आतल्या कडेची चीर सहसा आपोआप भरून येत नाही.

वाटी मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत बसवलेली असते. ती कंडरेला सांध्याच्या आसापासून दूर धरते, त्यामुळे त्याच ताकदीत पाय अधिक जोराने सरळ होतो. जन्मतः ती कूर्चेचीच असते आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षांदरम्यान तिचे हाड बनू लागते.

उकिडवे बसताना गुडघा सुमारे 150 अंश वाकतो. मांडी घालण्यासाठी त्याच्या जोडीला खुब्याचा सांधाही बाहेर वळावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल व सहकाऱ्यांनी 1974 मध्ये वापरात आणलेला कृत्रिम गुडघा वेदना उत्तम रीतीने थांबवत असे, परंतु तो साधारण 90 ते 100 अंशच वाकत असे. खुर्चीवरच्या जगण्याला तेवढे पुरते; जमिनीवर जेवणाऱ्या आणि उकिडवे बसून कामे उरकणाऱ्या माणसाला पुरत नाही. नंतरच्या रचनांनी ही मर्यादा वाढवली, तरी शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे टाळण्याचा सल्ला आजही बहुतेक रुग्णांना मिळतो.